अठरा अंशांची ज्या

त्रिकोणमितीचा अभ्यास सुरू झाला की विद्यार्थ्यापुढे पहिल्या काही दिवसांतच एक छोटेसे कोष्टक येते. शून्य, ३०, ४५, ६० आणि ९० अंश या पाच कोनांच्या ज्या व कोटिज्या त्यात दिलेल्या असतात. एक द्वितीयांश, दोनाच्या वर्गमुळाचा व्यस्तांक, तिनाच्या वर्गमुळाचे अर्धे अशा मूठभर किमती पाठ करून विद्यार्थी पुढे जातो. उरलेल्या कोनांसाठी त्याच्या हाती छापील कोष्टके किंवा गणकयंत्र येते आणि त्यांतून दशांश अपूर्णांकांच्या रांगा निघू लागतात. त्यामुळे नकळत अशी समजूत होऊन बसते की, नेमकी किंमत असण्याचे भाग्य या पाच कोनांनाच लाभले आहे. इतरांच्या वाट्याला जवळपासचे आकडे तेवढे आले आहेत.

ही समजूत खरी नाही. १८ अंशांच्या ज्येलाही तितकीच नेमकी किंमत आहे आणि तिच्यापासून ३६, ५४ व ७२ अंशांच्या ज्या सहज निघतात. इतकेच नव्हे, तर या किमतींच्या मुळाशी जे गुणोत्तर आहे ते गणिताबाहेरच्या जगातही ‘सुवर्णगुणोत्तर’ या नावाने विख्यात झाले आहे. ग्रीकांनी ते भूमितीत शोधले. सह्याद्रीच्या आश्रयाने राहिलेल्या भास्कराचार्यांनी त्या गुणोत्तराला वेगळे नाव न देता त्याचे फळ ज्योतिषाच्या उपयोगासाठी सूत्रबद्ध केले. या फळाचा उपयोग जेथे संपतो तेथे गणितातील एक भिंत उभी आहे. ती भिंत तेथे का आहे हे कळण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

प्रथम ‘नेमकी किंमत’ म्हणजे काय ते पाहू गेले पाहिजे. १८ अंशांची ज्या गणकयंत्रावर ०.३०९०१६९९४४ अशी दिसते. पुढे आणखी दहा स्थळे काढली, शंभर काढली, तरी ती रांग संपत नाही आणि तिच्यात पुनरावृत्तीही सापडत नाही. ही रांग कोठेही तोडली तरी जे हाती राहते ते मूळ किमतीची छाया असते. याउलट ‘पाचाच्या वर्गमुळातून एक वजा करावा आणि बाकीस चाराने भागावे’ असे म्हटले की काहीही तोडावे लागत नाही. पूर्णांकांवर बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ एवढ्याच क्रिया ठरावीक वेळा करून जी किंमत मिळते तिला येथे नेमकी किंमत म्हणावयाचे. ज्यांचे मूळ पूर्ण सुटत नाही अशा राशींना प्राचीन भारतीय गणिती ‘करणी’ म्हणत. अशा किमतीची रेघ खुणा नसलेली पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने काढता येते, हाही तिचा एक विशेष होय.

हा भेद पांडित्याचा वाटला तरी व्यवहारात त्याला मोल आहे. ज्यांचे कोष्टक हे एका किमतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असे बांधीत न्यावे लागते. पायाशीच चूक राहिली तर ती वरच्या प्रत्येक मजल्यावर चढत जाते. ग्रहांची स्थाने, ग्रहणाच्या वेळा, सावलीवरून काळ हे सर्व ज्या कोष्टकावर अवलंबून, त्याचा पाया जितका पक्का तितके गणित विश्वसनीय.

‘ज्या’ हा शब्द येथे जुन्या अर्थाने समजून घेणे सोयीचे आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाच्या परिघाचा तुकडा हे चाप आणि त्याची दोन टोके जोडणारी सरळ रेघ ही त्याची जीवा. भारतीय ज्योतिष्यांनी हिशेबाच्या सोयीसाठी पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा घेतली आणि तिलाच ज्या म्हटले. हाच ‘जीवा’ शब्द अरबीत गेला, तेथे तो ‘जैब’ असा वाचला गेला, जैब म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोलगट भाग असा अर्थ घेऊन लॅटिनमध्ये त्याचा ‘सायनस’ झाला, आणि तो ‘साइन’ होऊन आपल्या शाळांत परत आला. जुनी ज्या त्रिज्येच्या मापात मोजलेली रेघ असे; तिला त्रिज्येने भागले की आजची ज्या मिळते.

आता १८ अंशांकडे वळावयाचे तर सुरुवात घरातल्या एका साध्या प्रयोगाने करता येईल. सारख्या रुंदीची कागदाची लांब पट्टी घ्यावी, तिला दोऱ्याला मारतात तशी साधी गाठ मारावी, आणि चुणी पडू न देता ती हळूहळू ओढून सपाट दाबावी. बाहेर आलेली दोन टोके सोडली तर मध्ये जी आकृती उरते ती पाच बाजूंची असते, आणि तिच्या पाचही बाजू व पाचही कोन सारखे असतात. ही गाठ उजेडासमोर धरली तर कागदाच्या घड्यांतून आतल्या कर्णांच्या रेघा अंधुक दिसू लागतात. पंचकोनात दडलेला पाच टोकांचा तारा तो हाच.

सुसम पंचकोनाचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो. एका शिरोबिंदूतून निघणारे दोन कर्ण त्या कोनाचे ३६-३६ अंशांचे तीन सारखे भाग करतात. मधला भाग घेतला की एक उंच, निमुळता त्रिकोण दृष्टीस पडतो: दोन भुजा म्हणजे पंचकोनाचे दोन कर्ण, आणि पाया म्हणजे समोरची बाजू. माथ्याचा कोन ३६ अंशांचा, तर पायाजवळचे दोन्ही कोन ७२ अंशांचे. ७२ ही ३६ ची बरोबर दुप्पट आहे, आणि या त्रिकोणाचे सारे मर्म या एका गोष्टीत साठवलेले आहे.

कागद-पेन्सिल हाती घेतल्यास पुढील विचार दोन मिनिटांत पटेल. त्रिकोणाचा माथा ‘क’ आणि पायाची टोके ‘ख’ व ‘ग’ मानावीत. ‘कख’ आणि ‘कग’ या सारख्या भुजांची लांबी एक धरावी. पाया ‘खग’ किती ते शोधावयाचे आहे. आता ‘ख’ येथील ७२ अंशांचा कोन दुभागणारी रेघ काढावी. ती समोरच्या ‘कग’ भुजेला ‘घ’ या बिंदूत भेटेल. ‘ख’ जवळ ३६ अंशांचे दोन कोन झाले. वरच्या ‘कखघ’ त्रिकोणात ‘क’ व ‘ख’ येथील दोन्ही कोन ३६ अंशांचे, म्हणून ‘कघ’ आणि ‘खघ’ समान. खालच्या ‘खगघ’ त्रिकोणात ‘ख’ येथे ३६, ‘ग’ येथे ७२, तेव्हा ‘घ’ येथेही ७२ अंश. म्हणून ‘खघ’ आणि ‘खग’ समान. म्हणजे ‘खग’, ‘खघ’ आणि ‘कघ’ या तिन्ही रेघा एकाच लांबीच्या ठरल्या.

खालचा छोटा त्रिकोण मूळ मोठ्या त्रिकोणाशी समरूप आहे, कारण कोन तेच आहेत. मोठ्या त्रिकोणात भुजा एक आणि पाया ‘खग’. छोट्या त्रिकोणात भुजा ‘खग’ आणि पाया ‘घग’. हा ‘घग’ म्हणजे एकातून ‘खग’ वजा केल्यावर उरलेली लांबी. दोन्ही ठिकाणी पाया व भुजा यांचे गुणोत्तर सारखेच असले पाहिजे. यावरून निघते ते असे: ‘खग’चा वर्ग म्हणजे एक वजा ‘खग’. हे साधे वर्गसमीकरण आहे. ते सोडवले की ‘खग’ची किंमत येते पाचाच्या वर्गमुळातून एक वजा करून त्याच्या निम्मी, म्हणजे ०.६१८०३३९८… माथ्यापासून पायावर लंब टाकला की ३६ अंशांचा कोन दुभागला जातो आणि पायाही. भुजा एक असल्यामुळे अर्धा पाया हीच १८ अंशांची ज्या. वर सांगितलेली किंमत ती हीच: पाचाच्या वर्गमुळातून एक वजा, भागिले चार.

या सिद्धतेत ‘घ’ बिंदूने ‘कग’ भुजेचे जे दोन भाग केले ते पुन्हा पाहण्याजोगे आहेत. सबंध रेघेचे मोठ्या भागाशी जे गुणोत्तर, तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी. असा छेद घेणारे गुणोत्तर हेच सुवर्णगुणोत्तर. त्याची किंमत पाचाच्या वर्गमुळात एक मिळवून दोनाने भागले असता येते, म्हणजे १.६१८०३३९८… या संख्येतून एक वजा केला की तिचाच व्यस्तांक मिळतो, आणि तिच्यात एक मिळवला की तिचाच वर्ग मिळतो. पंचकोनाचा कर्ण आणि त्याची बाजू यांचे गुणोत्तर हेच आहे. म्हणजे कागदाच्या गाठीतही ते बांधले गेलेले असते.

त्रिकोणमितीच्या भाषेत हेच नाते दोन छोट्या वाक्यांत सांगता येते. ३६ अंशांच्या कोटिज्येची दुप्पट म्हणजे सुवर्णगुणोत्तर. १८ अंशांच्या ज्येची दुप्पट म्हणजे त्याचा व्यस्तांक. यातून एक गमतीचा पडताळा निघतो. ३६ अंशांची कोटिज्या ०.८०९०१६९९… आणि १८ अंशांची ज्या ०.३०९०१६९९… या दोन्ही अनंत रांगा आहेत. पण त्यांची वजाबाकी नेमकी अर्धा आणि त्यांचा गुणाकार नेमका पाव येतो. दशांशांकडे पाहून हा योगायोग वाटेल. करणीच्या रूपात लिहिले की त्यात योगायोगाचा अंशही उरत नाही.

युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या ग्रंथात या छेदाचा वेगवेगळ्या ठिकाणी विचार आहे. वर सांगितलेला ३६-७२-७२ अंशांचा त्रिकोण रचण्याची कृती त्याच्या चौथ्या खंडात आहे. युक्लिडने या गुणोत्तराला सोन्याची उपमा दिलेली नाही. सबंध रेघ, मोठा भाग व लहान भाग यांच्या नात्यावरून त्याने त्याला अंत्य-मध्य गुणोत्तर अशा अर्थाचे कोरडे नाव दिले होते. लुका पाचोलीने १५०९ मध्ये छापलेल्या ग्रंथात ते ‘दैवी’ झाले. आणि ‘सुवर्ण’ हे विशेषण १८३५ मध्ये मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या पुस्तकात छापलेले आढळते. नाव सुंदर मिळाल्यामुळे पुढे देवळांच्या प्रमाणांत, शंखांच्या वळणांत, मानवी देहात सर्वत्र ते पाहण्याची हौस वाढली. यांपैकी कित्येक दावे मोजपट्टी लावताच डळमळतात. पंचकोनात मात्र मोजपट्टीची गरजच नाही. तेथे हे गुणोत्तर तर्काने सिद्ध होते.

वर्तुळाच्या केंद्राभोवती असे दहा निमुळते त्रिकोण मांडले की सुसम दशकोन तयार होतो. म्हणून त्रिज्या आणि दशकोनाची बाजू यांचे गुणोत्तरही तेच. तेराव्या खंडात युक्लिडने आणखी एक विलक्षण विधान सिद्ध केले आहे: एकाच वर्तुळात षट्कोन, दशकोन आणि पंचकोन बसवले तर पहिल्या दोघांच्या बाजूंच्या वर्गांची बेरीज ही पंचकोनाच्या बाजूच्या वर्गाइतकी असते. या तीन बाजू घेऊन त्रिकोण केला तर तो काटकोन त्रिकोण होईल.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने आपल्या ज्योतिषग्रंथासाठी जीवांचे कोष्टक रचताना याच विधानाचा पाया घेतला. वर्तुळाच्या व्यासाचे १२० भाग कल्पून त्याने ३६ अंशांची जीवा ३७ भाग ४ कला ५५ विकला, आणि ७२ अंशांची जीवा ७० भाग ३२ कला ३ विकला अशी काढली. ७२ अंशांतून षट्कोनाचे ६० अंश वजा केले की १२ अंश उरतात. ते दुभागीत गेले की ६, ३, दीड आणि पाऊण अंश. येथे टॉलेमीची गाडी अडली. त्याला हवा होता एक अंश. दीड अंश हाती होता, पण त्याचे तीन सारखे भाग करण्याची भूमितीय रीत त्याला सापडली नाही. अखेर दीड आणि पाऊण या दोन जीवांच्या चिमट्यात धरून त्याने एका अंशाची जीवा १ भाग २ कला ५० विकला अशी ठरवली. कामापुरती ती उत्तम होती, नेमकी नव्हती.

भारतात कोष्टकाची मांडणी निराळ्या वाटेने झाली. इ. स. ४९९ च्या आर्यभटीयात चोवीस ज्यांचे कोष्टक त्यांच्या फरकांच्या रूपाने दिले आहे. त्रिज्या ३४३८ कलांची आणि दोन ज्यांमधले अंतर ३ अंश ४५ कलांचे. हे अंतर असे चमत्कारिक का, याचे उत्तर दुभागण्यात आहे. ३० अंशांचे निम्मे १५, त्याचे निम्मे साडेसात, त्याचे निम्मे पावणेचार. ३० व ४५ अंशांच्या ज्या माहीत असल्या आणि कोन दुभागण्याची रीत ठाऊक असली की चोवीसच्या चोवीस ज्या निघतात. यात लागणारी वर्गमुळे सर्व दोन आणि तीन या संख्यांतून उगवलेली. पाचाच्या वर्गमुळाला या कोष्टकात प्रवेश नव्हता.

तो प्रवेश स्पष्ट सूत्राच्या रूपाने दिसतो भास्कराचार्यांच्या ग्रंथात. शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ हे त्यांचे जन्मवर्ष. आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद करणारा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणे येथे आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो विद्वानांपुढे आणला. ‘सिद्धांतशिरोमणी’ त्यांनी इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. त्याच्या गोलाध्यायाला ‘ज्योत्पत्ती’ नावाचे एक छोटे प्रकरण जोडलेले आहे. ज्या कशा उत्पन्न करावयाच्या हे ज्याला कळले तोच आचार्यपदाला पोचतो, असा या प्रकरणाच्या आरंभीचा आशय आहे.

या प्रकरणात १८ अंशांच्या ज्येची रीत अशी आहे: त्रिज्येच्या वर्गाच्या पाचपटीचे वर्गमूळ काढावे, त्यातून त्रिज्या वजा करावी, बाकीस चाराने भागावे. त्रिज्या एक मानली की वर त्रिकोणातून काढलेली किंमत अक्षरशः तीच. ३६ अंशांसाठी त्रिज्येच्या वर्गाची पाचपट घ्यावी, तीतून त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या पाचपटीचे वर्गमूळ वजा करावे, बाकीस आठाने भागावे आणि मग वर्गमूळ घ्यावे. ज्याला एवढी मुळे काढण्याचा कंटाळा असेल त्याच्यासाठी सोपी वाटही दिली आहे: त्रिज्येला ५८७८ ने गुणून १०,००० ने भागावे. नेमकी रीत आणि कामचलाऊ रीत या दोन्ही शेजारी शेजारी उभ्या आहेत. ३४३८ कलांच्या त्रिज्येवर त्या दोहोंतला फरक एका कलेच्या सुमारे विसाव्या भागाइतकाच पडतो.

याच प्रकरणात दोन कोनांच्या बेरजेची आणि वजाबाकीची ज्या काढण्याचे नियम आहेत. त्यांना समासभावना व अंतरभावना अशी नावे आहेत. ४५ मधून ३० वजा केले की १५ अंश. १८ मधून १५ वजा केले की ३ अंश. आता तीन-तीन अंशांच्या पायऱ्यांनी नव्वद अंशांपर्यंत तीस ज्यांचे नेमके कोष्टक बांधता येते. ३ अंशांच्या ज्येचे सूत्र लिहिले तर त्यात दोन, तीन आणि पाच या तिन्ही संख्यांची वर्गमुळे एकत्र आलेली दिसतात. पहिली दोन शाळेतल्या कोष्टकातून आली. तिसरे आले पंचकोनातून, म्हणजेच सुवर्णगुणोत्तरातून. ते नसते तर नेमक्या कोष्टकाला पूर्ण अंशांत १५ अंशांखाली उतरताच आले नसते.

तीन अंशांपर्यंत आल्यावर एक अंशाचा मोह कोणालाही व्हावा. भास्कराचार्यांनीही एकेका अंशाने पुढे जाण्याचा नियम दिला आहे: ज्ञात ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा आणि त्यात कोटिज्येच्या १० भागिले ५७३ इतक्या पटीची भर घालावी, म्हणजे एक अंश पुढची ज्या येते. नियम इतका बारीक आहे की एका पायरीवर त्याची चूक दशांशाच्या सहाव्या स्थळापर्यंत शिरत नाही. परंतु ६५६९ आणि ५७३ हे आकडे करणीतून आलेले नाहीत. त्यांत एका अंशाची ज्या जवळजवळ ६० कला धरलेली आहे. तीन अंशांवर नेमकेपणा संपला आणि जवळपासचे गणित सुरू झाले.

ही सीमारेषा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही दिसते आणि तेथे ती अधिक बोलकी आहे. वर्तुळात बसवलेल्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या सुसम आकृत्यांच्या बाजू काढण्यासाठी तेथे सात गुणकांक दिले आहेत. व्यास १,२०,००० मानला तर प्रचलित पाठानुसार त्या बाजू अशा: त्रिकोण १,०३,९२३, चौरस ८४,८५३, पंचकोन ७०,५३४, षट्कोन ६०,०००, सप्तकोन ५२,०५५, अष्टकोन ४५,९२२, नवकोन ४१,०३१. आजच्या साधनांनी हे आकडे तपासले की एक लक्षणीय गोष्ट ध्यानात येते. त्रिकोण, चौरस, पंचकोन, षट्कोन आणि अष्टकोन यांचे आकडे शेवटच्या अंकापर्यंत बरोबर आहेत. सप्तकोनाचा आकडा ५२,०६६ आणि नवकोनाचा ४१,०४२ असावयास हवा होता. दोन्ही सुमारे अकराने कमी आहेत.

चूक नेमकी या दोनच ठिकाणी पडावी यात मोठा अर्थ आहे. ज्या पाच आकृत्यांची बाजू वर्गमुळांनी सांगता येते त्या पाचही अचूक उतरल्या. उरलेल्या दोहोंपर्यंत वर्गमुळांची वाट जातच नाही. बाराव्या शतकातील एका श्रेष्ठ गणितज्ञाच्या हिशेबाचा दोष म्हणून याकडे पाहणे उथळपणाचे होईल. पंचकोनाच्या त्रिकोणात दुभाजक काढताच वर्गसमीकरण हाती आले. नवकोनाच्या बाबतीत तसे होत नाही. तेथे घनसमीकरण उभे राहते.

एका अंशाचे दुखणे हेच आहे. तिप्पट कोनाची ज्या ही मूळ ज्येच्या तिपटीतून तिच्या घनाची चौपट वजा केली असता मिळते. ३ अंशांची ज्या ज्ञात असली तरी १ अंशाची ज्या काढण्यास हे घनसमीकरण सोडवावे लागते. पंधराव्या शतकाच्या आरंभी समरकंद येथे उलुघ बेगच्या आश्रयाला असलेल्या अल्-काशीने ते वेगळ्या युक्तीने हाताळले. एक अदमासाची किंमत समीकरणात घालावी, निघालेली सुधारित किंमत पुन्हा त्यातच घालावी, आणि असे करीत राहावे. या रीतीने त्याने एका अंशाची ज्या पंधराहून अधिक दशांशस्थळांपर्यंत बिनचूक काढली. किंमत हवी तितकी जवळ आणता आली, तरी करणीचे सूत्र मिळाले नाही.

ते का मिळत नाही याचा उलगडा दोन टप्प्यांत झाला. ३० मार्च १७९६ रोजी, वयाची एकोणीस वर्षे पूर्ण होण्यास महिना उरलेला असताना, कार्ल फ्रीड्रिश गाउस या जर्मन विद्यार्थ्याला सतरा बाजूंचा सुसम बहुकोन पट्टी-कंपासने काढता येतो असा शोध लागला. युक्लिडनंतर दोन हजार वर्षांत या यादीत भर पडली नव्हती. त्यातून सर्वसाधारण नियम पुढे आला. बाजूंच्या संख्येत दोन हा अवयव कितीही वेळा असला तरी चालतो. परंतु विषम मूळ अवयव ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या विशिष्ट जातीचेच हवेत आणि त्यांतला कोणताही एकाहून अधिक वेळा येता कामा नये. या अटीबाहेरच्या आकृत्या अशक्यच आहेत ही बाजू गाउसने प्रतिपादली. तिची सिद्धता १८३७ मध्ये प्येर वांट्सेल या फ्रेंच गणितज्ञाने प्रसिद्ध केली. कोणत्याही कोनाचे पट्टी-कंपासने तीन सारखे भाग करण्याची सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हेही त्यानेच दाखवले.

आता ‘लीलावती’तले सात आकडे या नियमाशी ताडून पाहावेत. तीन, चार, पाच, सहा, आठ हे सर्व नियमात बसतात. सात हा विशिष्ट यादीतला नाही. नऊमध्ये तीन हा अवयव दोनदा येतो. त्याचप्रमाणे ३ अंशांचा कोन १२० बाजूंच्या आकृतीचा. १२० मध्ये दोनाखेरीज तीन एकदा आणि पाच एकदा. १ अंशाचा कोन ३६० बाजूंच्या आकृतीचा. तेथे तीन दोनदा आला आणि दार बंद झाले. पूर्ण अंशांत मोजल्या जाणाऱ्या कोनांपैकी ज्यांना तिनाने भाग जातो त्यांनाच वर्गमुळांची नेमकी किंमत आहे. घनसमीकरणाचे सूत्र वापरून एका अंशाची ज्या लिहू गेल्यास मध्येच काल्पनिक संख्यांची घनमुळे येतात आणि त्यांना टाळून जाणारी वास्तव मुळांची वाटच नाही, हेही आता सिद्ध झालेले आहे.

टॉलेमीने चिमट्यात धरलेली जीवा, भास्कराचार्यांचा एका अंशाचा नियम आणि अल्-काशीची पुनःपुन्हा सुधारलेली किंमत ही तिन्ही एकाच भिंतीशी झालेल्या भेटीची रूपे आहेत. तिघेही तिच्याजवळ पोचले, कारण त्यांनी पंचकोनाचे दान आधी पुरेपूर वापरले होते. जेथे नेमके उत्तर शक्य होते तेथे ते मिळवावे, आणि जेथे नव्हते तेथे चुकीची मर्यादा आवरून धरीत जवळचे उत्तर घ्यावे, हा विवेक या तिघांच्या कामात सारखाच दिसतो.

शाळेतल्या त्या छोट्या कोष्टकात १८, ३६, ५४ आणि ७२ हे आणखी चार कोन घालण्यास काहीच हरकत नाही. त्यासाठी लागते ते एक निमुळते त्रिकोण, एक दुभाजक आणि एक वर्गसमीकरण. दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातली ही सामग्री आहे. एवढे केले की पाठ केलेल्या किमती आभाळातून पडलेल्या नाहीत, त्या आकृतीतून निघतात, हे त्याला कळेल. आणि त्यानंतर त्याने एका अंशाची ज्या विचारली, तर तिचे नेमके उत्तर वर्गमुळांनी देता येत नाही एवढेच सांगून थांबू नये. का येत नाही, हेही सांगावे. तो प्रश्न त्याला कागदाच्या एका गाठीपासून गाउसपर्यंत घेऊन जाईल.